उंची मदरबोर्ड : भांडवल की उचल?

घरी संगणक असेंबल करून घ्यायचा म्हटले की प्रोसेसर निवडताना फारसा त्रास होत नाही. कंपन्या दोन, प्रत्येकीच्या चार-पाच प्रती, आणि किमतीबरोबर चढत जाणारा वेग. खिशात हात घालून पाहिला की निवड आपोआप होते. घोडे अडते ते मदरबोर्डापाशी. एकाच प्रोसेसरला चालणारे डझनावारी बोर्ड बाजारात असतात. स्वस्तातला दहा-बारा हजारांच्या आसपास मिळतो, तर महागातला साठ हजारांच्याही पुढे जातो. प्रोसेसर तोच, रॅम तीच, करायचे काम तेच, आणि किमतीत पाचपट फरक! अर्थशास्त्राच्या तासाला बसणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने येथे थबकून विचारले पाहिजे की, हा जादा पैसा नेमका कशाचा? तसे होत नाही. दुकानदार म्हणतो, "मदरबोर्ड म्हणजे पाया, पाया भक्कम हवा." ज्यांनी स्वतःचे घर बांधताना पायात हात आखडता घेतला नव्हता ती घरची वडीलधारी मंडळी मान डोलावतात, आणि व्यवहार होऊन जातो. ही उपमा इतकी पटणारी आहे की तिच्यापुढे हिशेब करण्याचे राहूनच जाते. ती उपमाच मुळात लंगडी आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी उंची मदरबोर्ड घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी पुढील अंकात ते अवश्य खोडून काढावे.

प्रथम मदरबोर्ड करतो तरी काय, हे पाहू. (परिभाषा कोशकारांना विचारले तर ते त्याला 'मातृफलक' म्हणतील. पण खडेबाजारात जाऊन मातृफलक मागितला तर देवघराचा पाट हाती येण्याचा संभव अधिक.) त्याची कामे तीन. एसएमपीएसकडून आलेली १२ व्होल्टची वीज उतरवून प्रोसेसरला सोसेल अशी, म्हणजे साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास आणून देणे, हे पहिले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी यांना एकमेकांशी जोडणारे रस्ते पुरविणे, हे दुसरे. आणि बटण दाबल्याबरोबर या सर्वांना जागे करून कामाला लावणारी बायोस नावाची व्यवस्था सांभाळणे, हे तिसरे. आकडेमोड करणे हे त्याचे काम नव्हे. पेढीचा जिना संगमरवरी केला म्हणून ताळेबंद लवकर जुळत नाही.

पूर्वी मात्र असे नव्हते, हे कबूल केले पाहिजे, कारण पायाची उपमा त्या काळातून आलेली आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हा त्याच्या मदरबोर्डावर पाच खाचा होत्या, आणि पडद्यासाठी, फ्लॉपीसाठी वेगवेगळी कार्डे त्यांत खोचावी लागत. पुढे ४८६ व पहिल्या पेंटियमच्या दिवसांत तर दुय्यम कॅशे स्मृती खुद्द मदरबोर्डावर बसविलेली असे. त्यानंतरही बरीच वर्षे रॅमवर देखरेख करणारा नियंत्रक 'नॉर्थब्रिज' नावाच्या चिपमध्ये राही आणि ती चिप मदरबोर्डावर असे. त्यामुळे एकच प्रोसेसर दोन निरनिराळ्या बोर्डांवर बसविला तर वेगात खरोखरच तफावत पडे. चांगला बोर्ड घेणे तेव्हा शहाणपणाचे होते. २००३ मध्ये एएमडीने ॲथलॉन ६४ च्या रूपाने रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात नेला. इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून तेच केले. मागोमाग ग्राफिक्स कार्डाचे रस्तेही प्रोसेसरमध्ये गेले, आणि नॉर्थब्रिजला काही कामच उरले नाही. ज्या कारणासाठी बोर्डावर पैसा घालावा ते कारण असे बोर्डावरून उठून प्रोसेसरमध्ये जाऊन बसले. किंमत मात्र बोर्डाजवळच राहिली, नव्हे, वाढत गेली.

आता उंची बोर्डाच्या खोक्यावर काय काय छापलेले असते ते पाहू. सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात त्या 'फेज'. '१८ अधिक २ अधिक २' अशी काहीतरी बेरीज असते. फेज म्हणजे १२ व्होल्टची वीज उतरविणारी एकेक तुकडी. तुकड्या जितक्या जास्त तितका प्रत्येकीवरचा भार कमी, उष्णता कमी, पुरवठा स्थिर. येथवर सगळे खरे आहे. पण मुळात भार किती, हे कोणी सांगत नाही. एएमडीच्या सध्याच्या एएम५ सॉकेटवरील ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर प्रत्यक्षात कमाल ८८ वॅट ओढतो. १७० वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझेन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जातो. सव्वा व्होल्टच्या हिशेबाने पहिल्याला सुमारे ७० अँपिअर लागतात, दुसऱ्याला सुमारे १८४. एक फेज ५० अँपिअरची धरली तरी आठ फेजचा मध्यम किमतीचा बोर्ड ४०० अँपिअर पेलू शकतो. म्हणजे सर्वांत खादाड प्रोसेसरलाही तो पुरून उरतो. खेळासाठी नावाजलेला रायझेन ७ ७८००एक्स३डी तर खेळताना बहुधा शंभर वॅटच्या आतच असतो. पंगतीला पन्नास पाने मांडलेली असता आठ वाढपी पुरतात. बावीस वाढपी उभे केले तर जिलबी जास्त गोड लागत नाही, ते एकमेकांच्या पायांत मात्र येतात. शिवाय छापलेली बेरीजही नेहमी सरळ नसते. 'सोळा फेज' म्हणतात तेव्हा पुष्कळदा नियंत्रकाच्या वाहिन्या आठच असून प्रत्येकीला दोन-दोन तुकड्या जोडलेल्या असतात. ही काही फसवणूक नव्हे, रचना चांगलीच असते. पण ती वाचून सोळा अधिक म्हणून दुप्पट चांगली, असा त्रैराशिक हिशेब करणारा ग्राहक नाडला जातो.

आमच्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागवाल्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मागाला जेवढी लागते तेवढ्याच ताकदीची मोटार ते बसवितात. पाचपट ताकदीची मोटार लावली म्हणून लुगडे पाचपट वेगाने विणून निघत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्याच घरातील मुलगा संगणकाच्या दुकानात गेला की मात्र पाचपट ताकदीची मोटार मागतो.

फेजनंतर येतात त्या खाचा व रस्ते, आणि या बाबतीत खरी गंमत आहे. प्रोसेसरमधून जे पीसीआय एक्स्प्रेसचे रस्ते निघतात त्यांच्या रुंदीला इंग्रजीत लेन म्हणतात. आपण महामार्गाला चौपदरी, सहापदरी म्हणतो, तोच हा पदर. एएम५ प्रोसेसरमधून (साध्या, अंतर्गत ग्राफिक्स मोठे नसलेल्या प्रतींत) २८ पदर निघतात. त्यांपैकी १६ ग्राफिक्स कार्डाकडे जातात, ८ एसएसडी व तत्सम साधनांकडे, आणि उरलेले ४ चिपसेटकडे. बोर्डावरील बाकीची सर्व रहदारी, म्हणजे जादा एसएसडी, बहुतेक यूएसबी, नेटवर्क, सारे काही चिपसेटमधून या एका चौपदरी रस्त्याने प्रोसेसरकडे जाते. हा रस्ता चौथ्या पिढीचा आहे, आणि त्यावरून सेकंदाला जेमतेम ८ गिगाबाइट माल जातो.

आता उंची वर्ग घ्या. एक्स६७०ई किंवा एक्स८७०ई या बोर्डांवर चिपसेटच्या दोन चिपा असतात, बी६५० वर एकच. (गंमत म्हणजे नुसत्या एक्स८७० वरही एकच असते. नावातल्या एक्सला भुलू नये.) दोन चिपा म्हटल्यावर कोणालाही वाटेल की रस्ता दुप्पट रुंद झाला. तसे नाही. दुसरी चिप पहिलीच्या मागे जोडलेली असते, आणि दोघींना मिळून प्रोसेसरकडे जाणारा रस्ता तोच एक चौपदरी. आपल्या गावात गल्ल्या कितीही वाढविल्या तरी त्या सर्वांना पुणे-बेंगळुरू महामार्गावर नेणारा रस्ता एकच ठेवला, तर गाडी वेगाने पोचेल की नाक्यावर अडकेल?

याहून वाईट भाग तळटिपांत असतो. खोक्यावर पाच एम.२ खाचा, यूएसबी४, पाचव्या पिढीची ग्राफिक्स खाच अशी भरगच्च यादी असते. आतील पुस्तिकेत मात्र बारीक अक्षरात लिहिलेले सापडते की अमुक खाचेत एसएसडी बसविली तर ग्राफिक्सची खाच सोळापदरीवरून आठपदरी होईल, किंवा तमुक खाच वापरली तर यूएसबी४ चा वेग निम्मा होईल अथवा ते बंदच पडेल. एक्स८७० व एक्स८७०ई या दोन्ही वर्गांत यूएसबी४ सक्तीचे आहे, आणि त्याचे पदर प्रोसेसरच्या त्याच मर्यादित पदरांतून काढावे लागतात. त्यामुळे अनेक बोर्डांत ही ओढाताण अटळ होते. सहा जणांच्या घरात एकच पंचा असावा आणि प्रत्येकाला सांगावे की पंचा तुझाच, तसा हा प्रकार.

रॅमचेही तेच. चार खाचा दिसल्या की चार पट्ट्या बसविण्याचा मोह होतो. रायझेन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, आणि चार पट्ट्यांना ३६००. खाचा भरल्या म्हणून वेग घटतो! साठ हजारांच्या बोर्डावरही हा आकडा बदलत नाही, कारण नियंत्रक प्रोसेसरमध्ये आहे. बाकी ५ किंवा १० गिगाबिटचे नेटवर्क हे ज्या घरात शंभर मेगाबिटची जोडणी आहे तेथे काय कामाचे, हा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. रंगीत दिव्यांबद्दल मी काही लिहीत नाही, गणपतीत ते बरे दिसतात.

मग या बोर्डांना एवढी किंमत येते कशी? याचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे. एडवर्ड चेंबरलीन यांनी १९३३ मध्ये मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धान्त मांडला, त्यातील 'वस्तुभेद' हा भाग आपण परीक्षेसाठी पाठ करतो व परीक्षेनंतर विसरतो. मदरबोर्ड करणाऱ्या असूस, एमएसआय, गिगाबाइट, असरॉक या प्रमुख कंपन्या साऱ्या तैवानच्या आहेत, आणि साऱ्याजणी चिपसेट घेतात तो एएमडीकडून किंवा इंटेलकडून. गाभा सर्वांचा एकच. मग वेगळेपण दाखवायचे कशात? ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यांत, दिव्यांत, शस्त्रास्त्रांना शोभेल अशा नावांत. आणि ग्राहक ते का घेतो, हे त्याहून आधी, १८९९ मध्येच, थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी दिखाऊ उपभोगाच्या विवेचनात सांगून ठेवले आहे. कॅबिनेटला काचेची बाजू आली आणि बोर्ड दिसू लागला, तेव्हापासून तो दिवाणखान्यातली वस्तू झाला.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप येतो तो टिकाऊपणाचा. "एकदाच घ्यायचा, दहा वर्षे पाहायला नको," असे म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे पितळी भांडे, शिवणयंत्र, सायकल अशाच विचाराने घेतली जाते व तो विचार योग्यही ठरतो. पण मदरबोर्डाचे आयुष्य त्याच्या घडणीवर ठरत नसून सॉकेटवर ठरते, आणि सॉकेट कधी बदलायचे हे प्रोसेसर कंपनीच्या हाती असते. उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचा झेड२७० हा त्या वेळचा उंची चिपसेट आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, सॉकेटचे नाव तेच राहिले, पण झेड२७० वर ते चालेनात. त्यांना नवा बोर्ड लागला. ज्याने सर्वांत महाग झेड२७० घेतला त्याचा वरचा जिना नऊ महिन्यांत तुटला. उलट त्याच २०१७ साली एएमडीच्या एएम४ सॉकेटचा साधा, मध्यम किमतीचा बी३५० बोर्ड ज्याने घेतला, त्याला २०२२ मध्ये बायोस बदलून ५८००एक्स३डी हा कितीतरी वेगवान प्रोसेसर त्याच बोर्डावर बसविण्याची सोय झाली. दोघांपैकी कोणाचा बोर्ड टिकला? महागाचा नव्हे. म्हणून टिकाऊपणाला पैसे द्यायचे असतील तर ते सॉकेट पाहून द्यावेत, पत्र्याची जाडी पाहून नव्हे. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, आणि त्याची सोबत २०२७ पर्यंत व पुढेही करू असे एएमडीने जाहीर केलेले आहे. हा लाभ बी६५० वाल्याला जेवढा, तेवढाच एक्स८७०ई वाल्याला.

हिशेबाच्या वह्याही हेच सांगतात. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात टेबलावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. आयकराच्या नियमांत संगणकावरील घसारा पूर्वी ६० टक्के होता, तो २०१७-१८ पासून ४० टक्के झाला. घटत्या शिलकेच्या पद्धतीने पाहा: ६०,००० रुपयांचा बोर्ड पहिल्या वर्षाअखेर ३६,०००, दुसऱ्या अखेर २१,६००, तिसऱ्या अखेर १२,९६०. १८,००० चा बोर्ड तिसऱ्या अखेर ३,८८८ वर येतो. म्हणजे तीन वर्षांत पहिल्याने ४७,०४० रुपये खाल्ले, दुसऱ्याने १४,११२. घरचा संगणक आयकरात दाखविला जात नाही हे मला माहीत आहे. पण जुन्या मालाच्या बाजारात भाव विचारून पाहिला तर तो कायद्यापेक्षा फार निराळा निघेल असे मला वाटत नाही. आणि वॉरंटी? ती दोन्ही बोर्डांना बहुधा तीनच वर्षांची. त्यात १८ टक्के जीएसटी धरा. ६०,००० च्या किमतीत कराचेच सुमारे ९,१५३ रुपये येतात. व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते, घरच्या ग्राहकाला एक पैसाही मिळत नाही.

महाग बोर्ड निदान सुरक्षित तरी असतो, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये एएम५ वरील काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या. बोर्डांकडून एका भागाला जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते, व पुढे ते १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणाऱ्या बायोस द्याव्या लागल्या. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मूळ दोष इंटेलचाच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर नवा मायक्रोकोड निघाला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. पण त्या चौकशीत हेही उघड झाले की झेड वर्गातील पुष्कळ बोर्ड विजेची मर्यादा काढून टाकूनच ग्राहकाच्या हाती येत होते, जेणेकरून चाचण्यांत दोन टक्के वेग जास्त दिसावा. ताकदवान बोर्ड प्रोसेसरला जपतो असे नव्हे. त्याला जास्त पाजण्याची सोय त्याच्याजवळ असते, एवढेच निश्चित.

या सगळ्यात भरडला जातो तो कोण, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. माझ्या माहितीतील एका घरी भिशीचे पैसे आले, आणि थोरल्या मुलाने लग्नाच्या चित्रफिती जोडण्याचा धंदा सुरू करावा म्हणून संगणक घेण्याचे ठरले. हाताशी एक लाख वीस हजार. दुकानात पायाची उपमा ऐकून बावन्न हजारांचा बोर्ड घेतला गेला. प्रोसेसर बरा आला. मग उरलेल्या पैशांत १६ जीबी रॅम, लहान एसएसडी, एक सामान्य ग्राफिक्स कार्ड, आणि नाव कोणी न ऐकलेला एसएमपीएस. यूपीएस 'पुढच्या महिन्यात' राहिला. एका लग्नाचे चित्रीकरण भरले की एसएसडी भरते, रॅम अपुरी पडून यंत्र अडखळते, आणि वीज गेली की तासाभराचे काम जाते. बोर्डावर तीन एम.२ खाचा रिकाम्या आहेत व दिवे सुंदर चमकतात. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. त्या घरात त्याला 'मुलाचे लक्ष नाही' असे म्हणतात. हे ऐकले तेव्हापासून हा लेख लिहावा असे मनात होते. बोर्डात वाचलेल्या तीस-पस्तीस हजारांत दुप्पट रॅम, मोठी एसएसडी, भरवशाचा एसएमपीएस आणि यूपीएस यांचा बराच भाग बसला असता. आता तर ते आणखी अवघड झाले आहे, कारण २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या. ज्या वर्षी रॅम महागली त्या वर्षी बोर्डावर उधळण करणे दुप्पट महागात पडते.

आमच्या वर्गातील कन्नड मित्र अशा वेळी म्हणतात, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु.' अंथरूण पाहून पाय पसरावे, हीच ती म्हण. फक्त आपल्याकडे अंथरूण बोर्डालाच गुंडाळले जाते, आणि बाकीचे यंत्र थंडीत कुडकुडते.

याचा अर्थ सर्वांत स्वस्त बोर्ड घ्यावा असा कोणी करू नये. तेही खोटे अर्थशास्त्र होईल. ए६२० किंवा एच६१० वर्गातील अगदी खालच्या बोर्डांवर विजेच्या तुकड्यांना हीटसिंकसुद्धा नसतो, रॅमच्या खाचा दोनच, एम.२ बहुधा एक. अशा बोर्डावर १७० वॅटचा प्रोसेसर बसविणे म्हणजे टांग्याला ट्रक बांधणे. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त दोन्ही बाजूंनी वाचायचा असतो. बारा हजारांवरून अठरा-वीस हजारांपर्यंत जाताना हीटसिंक येतो, दुसरी-तिसरी एम.२ येते, २.५ गिगाबिट नेटवर्क येते, बायोस बदलण्याचे स्वतंत्र बटण येते. या प्रत्येक रुपयाला काही मोल आहे. वीसवरून साठवर जाताना येणाऱ्या चाळीस हजारांना ते नाही, एवढेच माझे म्हणणे.

काहींना उंची बोर्ड खरोखर लागतो, हेही मान्य करतो. जो रोज बाहेरच्या वेगवान साठवणीवरून चित्रपट जोडतो, ज्याला चार-पाच एसएसडी एकाच यंत्रात हव्यात, ज्याच्या कार्यालयात १० गिगाबिटचे जाळे आहे, त्याने तो घ्यावा. तो त्याच्या धंद्याचा भांडवली खर्च आहे. (दोन-तीन ग्राफिक्स कार्डे पूर्ण रुंदीने चालवायची असतील तर मात्र हे बोर्डही अपुरे; त्यासाठी थ्रेडरिपरचा वेगळाच वर्ग आहे.) आणि एखाद्याला निव्वळ हौस असेल तर? हौसेला मोल नसते, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. फक्त जमाखर्च लिहिताना ती रक्कम 'यंत्रसामग्री' खात्यात न टाकता 'उचल' खात्यात टाकावी. आणि घरच्यांनाही तसेच सांगावे.

आता जे मला मुख्यतः खटकते ते सांगतो. आमच्यासारखे मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेले विद्यार्थी या व्यवहारात जास्त नाडले जातात, याचे कारण पैसा नाही, शब्द आहेत. फेज, लेन, चिपसेट, जनरेशन असे चार शब्द एका दमात कानावर पडले की आपण गप्प होतो. विचारले तर आपले अज्ञान दिसेल या भीतीने मान हलवितो, आणि भीतीपोटी वरचा माल घेतो: महाग आहे म्हणजे चुकणार तरी नाही! ही भीती दुकानदाराने निर्माण केलेली नाही, पण तिची दलाली त्याला मिळते. वास्तविक या शब्दांत गूढ असे काही नाही. लेनला पदर म्हणा, फेजला तुकडी म्हणा, चिपसेटला नाका म्हणा. अर्धे गूढ तेथेच उतरते. आपल्या महाविद्यालयात करार कायदा आणि परिव्यय लेखांकन मराठीत-कन्नडमध्ये एकमेकांना समजावून सांगणारे विद्यार्थी आहेत. त्यांना पीसीआय एक्स्प्रेस समजावून सांगणे अवघड जाऊ नये. या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांनी मिळून असा एखादा शब्दांचा तक्ता छापला तर ती मोठी सोय होईल.

दुकानात जाण्यापूर्वी निवडलेल्या बोर्डाची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्यावी व फक्त खाचांचे पान आणि त्याखालील तळटिपा वाचाव्यात. दुकानात पुढील गोष्टी न लाजता विचाराव्यात: माझा प्रोसेसर या बोर्डाच्या आतल्या बायोसला ओळखता येतो का, आणि नसेल तर प्रोसेसर न बसविता बायोस बदलण्याचे बटण आहे का? (२०२२ सालच्या बोर्डावर २०२४ चा रायझेन ९००० घेणाऱ्याला हा प्रश्न हटकून उपयोगी पडतो.) दुसरी एम.२ वापरली तर काय बंद पडते? सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी आहे, आणि बोर्ड पाठविण्याचा व परत आणण्याचा खर्च कोणाचा? जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, बोर्डाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि बिल न देता हजार रुपये कमी करतो असे कोणी म्हटले तर त्या हजारात तीन वर्षांची वॉरंटी विकली जात आहे हे ध्यानात ठेवावे. घरी आल्यावर बोर्ड बसविण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. त्याला लागणारे पैसे बावीस फेजच्या तुलनेत फारच थोडे असतात. आणि रिकामे खोके रद्दीत घालू नये, माळ्यावर ठेवावे. वॉरंटीत बोर्ड पाठवायची वेळ आली तर तो सुरक्षित बांधायला तेच सर्वांत उपयोगी पडते.